२८ वर्षांत एकदाही न भरलेली टाकी

वाचकाचे पत्र

“सातारा जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमचे घर आहे. सासऱ्यांनी ते २८ वर्षांपूर्वी बांधले. संडासाची टाकी परसात आहे. ७ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ६ फूट खोल, असे सासरे सांगत. तळाला कोबा न करता माती तशीच ठेवली होती, कारण त्यामुळे पाणी मुरते, असे गवंड्याचे म्हणणे होते. घरात आम्ही पाच माणसे आहोत आणि टाकी आजवर एकदाही भरलेली नाही. आता नगरपरिषदेची चिठ्ठी आली आहे की, आमच्या प्रभागाची पाळी असून पुढील आठवड्यात मैला उपसणारी गाडी येईल, झाकण मोकळे करून ठेवावे. टाकीवर फरशी घातलेली आहे. यजमान म्हणतात, न भरलेली टाकी उपसायची कशाला आणि त्यासाठी स्वच्छता कर तरी का भरायचा? फरशी काढायचीच असेल, तर ओळखीची दोन माणसे रात्री येऊन स्वस्तात टाकी साफ करून देतील, असे त्यांना कोणीतरी सुचवले आहे. त्यातच शेजाऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो आणि ते आम्हाला बोल लावतात. विहीर टाकीपासून ३० फुटांवर आहे. नगरपरिषदेला नकार द्यावा का?”

— एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार, ताई.

नकार देऊ नका. फरशी काढून झाकण मोकळे करा, गाडी येऊ द्या, आणि रात्री येणाऱ्या त्या दोन माणसांना कोणत्याही परिस्थितीत टाकीत उतरू देऊ नका. माझी सारी नोकरी लहान गावांच्या नगरपरिषदांत पाणी आणि सांडपाण्याच्या कामांवर गेली. तुमच्या यजमानांनी विचारलेला प्रश्न मी त्या काळात इतक्या घरांत ऐकला आहे की, त्यात हट्ट आहे असे मला मुळीच वाटत नाही. टाकी म्हणजे काय, हे घर बांधताना त्यांना कोणी सांगितले नाही. गवंड्याने जे सांगितले, त्यावर सर्वांनी विश्वास ठेवला.

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवण्याचा हौद नव्हे. ती वापरात आल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडापर्यंत पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. जेवढे पाणी आत येते तेवढेच बाहेर पडते. या पाण्याला आत निदान एक दिवस, शक्य तर दोन दिवस, निवांत थांबायला मिळाले की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरल्यासारखा तरंगतो आणि मधले त्यातल्या त्यात निवळलेले पाणी नळावाटे शोषखड्ड्याकडे जाते. तळाचा गाळ जिवाणू हळूहळू कुजवतात, त्यामुळे तो आटतो, पण संपत नाही. म्हणून नीट बांधलेल्या टाकीत भरत जातो तो गाळ, आणि तो वर कधीच दिसत नाही. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापू लागली की मधल्या पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि घाण न निवळताच पुढे जाऊ लागते. घरातल्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही, कारण संडासात पाणी तुंबत नाही आणि वासही येत नाही. केंद्र सरकारच्या मलनिस्सारणविषयक तांत्रिक मार्गदर्शिकेत दर दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी असे म्हटले आहे, ते याच कारणाने. तुंबण्याची वाट पाहणे म्हणजे टाकीने आपले काम सोडून दिल्यानंतर कित्येक वर्षांनी जागे होणे.

आता तुमच्या टाकीचा हिशेब करू. वरची फूटभर मोकळी जागा सोडली तर तुमच्या टाकीत सुमारे ४,००० लिटर मावतात. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ साचतो असे सावधपणे धरले, तरी पाच माणसांचा २८ वर्षांचा गाळ ५,६०० लिटर होतो. तो टाकीत मावणे शक्यच नाही, आणि तरीही टाकी “भरलेली” नाही. म्हणजे जे आत राहायला हवे होते, त्यातले बरेचसे बाहेर गेले आहे. तळाला कोबा नाही, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात. सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. तुमची टाकी ही सेप्टिक टँक नसून वरून झाकलेला, विटांनी बांधलेला खड्डा आहे, आणि त्यातला द्रव भाग ही सगळी वर्षे जमिनीत जात राहिला आहे.

“माती पाणी गाळून घेते” हा युक्तिवादही अनेकदा ऐकू येतो. पुरेशी खोल, मऊ आणि कोरडी माती असेल तर त्यात तथ्य आहे. आपल्या दख्खनच्या भागात मात्र काळ्या मातीचा थर असला की ती पावसाळ्यात फुगून पाणी घेईनाशी होते, आणि तिच्याखाली किंवा थेट पृष्ठभागाजवळ काळा खडक लागतो, ज्याच्या भेगांतून पाणी न गाळताच वाटेल तिकडे धावते. आपल्या विहिरींना ज्या भेगांतून झरे लागतात, त्याच या भेगा. पावसाळ्यात भूजल वर आले की टाकीच्या तळाशी आणि विहिरीच्या झऱ्याशी असलेले पाणी एकच होऊन बसते.

म्हणून शेजाऱ्यांचे बोलणे झटकून टाकू नका. भारतीय मानक २४७० हे सेप्टिक टँकसाठीचे देशातील मानक आहे. टाकीतून निघालेले पाणी जमिनीत जिरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट, लांब असावी असे ते सांगते. तुमच्या बाबतीत टाकीच जमिनीत झिरपते आणि विहीर त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. विहिरीला वास येण्याची इतर कारणेही असू शकतात. मधून जाणारे गटार किंवा जवळचा गोठा यांकडेही पाहायला हवे, आणि तुमच्या टाकीमुळेच पाणी बिघडले असे मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण पाणी तपासून घेणे अवघड नाही. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाण्याचे नमुने तपासतात. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो, म्हणून बाटली आणि सूचना तिथूनच आणाव्यात. जिवाणूंबरोबर नायट्रेटही तपासायला सांगा, कारण मैल्यातले नायट्रोजन भूजलात नायट्रेटच्या रूपाने पोचते, ते तान्ह्या बाळांना घातक असते आणि पाणी उकळल्याने कमी होत नाही, उलट पाणी आटून थोडे वाढतेच. अहवाल येईपर्यंत शेजाऱ्यांनी ते पाणी पिऊ नये आणि स्वयंपाकालाही वापरू नये. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून विहीर तात्पुरती निर्जंतुक होते. वरून घाण झिरपतच असेल तर चार दिवसांत पूर्ववत होते. माझी सूचना अशी की, नमुना द्यायला तुमच्या आणि त्यांच्या घरातले एकेक माणूस बरोबरच जावे. अहवाल दोघांच्या हातात एकाच वेळी पडला, तर भांडणाचे अर्धे कारण उरत नाही.

आता त्या दोन माणसांविषयी. इथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेले असतात आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची संवेदनाच मारतो, आणि वास येत नाही म्हणून धोका नाही असे समजून माणूस आत उतरतो. काही श्वासांत तो कोसळतो. वर उभा असलेला दुसरा, बहुधा त्याचाच भाऊ किंवा मुलगा, त्याला ओढून काढण्यासाठी मागोमाग उतरतो आणि तोही वर येत नाही. वर्तमानपत्रांत अशा बातम्यांत मृतांची संख्या एक नसून दोन किंवा तीन असते, त्याचे कारण हे. रात्रीची वेळ निवडली जाते ती कोणी पाहू नये म्हणून. आणि कोणी पाहत नसल्यामुळेच मदतही वेळेवर पोचत नाही.

हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावण्यास मनाई करतो, आणि ही मनाई नगरपरिषदेपुरती किंवा ठेकेदारापुरती नाही. घरमालकही तिच्यात येतो, थेट काम सांगितले असो की मध्यस्थामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजीच्या निकालात म्हटले आहे. तुमच्या यजमानांना कायद्याची भीती दाखवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. ज्या कामासाठी ती माणसे “स्वस्तात” येतात, ते स्वस्त आहे ते त्यांच्या जिवाची किंमत त्यात धरलेली नसते म्हणून, आणि ही माणसे कोणत्या समाजांतून येतात हे आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. त्यांना मनापासून मदत करायची असेल, तर नगरपरिषदेच्या ठेकेदाराकडे गाडीवरच्या प्रशिक्षित कामाची चौकशी त्यांच्यासाठी करता येईल. तुमच्या गल्लीत कोणाच्या टाकीत माणूस उतरवला जात असल्याचे दिसले, तर नगरपरिषदेला तातडीने कळवा. सफाईमित्रांच्या सुरक्षेसाठी १४४२० हा मदत क्रमांकही आहे.

राहिला कराचा आणि नगरपरिषदेच्या अधिकाराचा प्रश्न. टाकी तुमच्या परसात आहे, ती तुमच्या खर्चाने बांधली आहे, मग नगरपरिषदेने त्यात का लक्ष घालावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण टाकीतून बाहेर पडणारे पाणी कुंपणाशी थांबत नाही, आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या विहिरीने ते तुम्हाला दाखवले आहे. भूमिगत गटार योजना असलेल्या शहरात घरचा मैला पाइपातून प्रक्रिया केंद्रावर जातो आणि त्याचा खर्च सर्वजण करातून उचलतात, त्याबद्दल कोणी हरकत घेत नाही. आपल्या बहुतेक लहान गावांत पाइपांचे जाळे नाही आणि नजीकच्या काळात होईल असेही नाही. तिथे गाडी हेच पाइपाचे काम करते. सांडपाणी आणि मैल्याची विल्हेवाट लावणे हे नगरपरिषदेचे कायद्याने ठरवून दिलेले कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य तुमच्या झाकणापाशी सुरू होते.

पाळीने टाक्या उपसण्याचा प्रयोग तुमच्याच जिल्ह्यात वाईने केला आहे. कृष्णाकाठच्या या गावात घरोघरी सेप्टिक टँक आहेत. पूर्वी तुंबले की अर्ज करायचा आणि मग गाडी यायची, अशीच तिथली रीत होती. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने नगरपरिषदेने २०१८ पासून गावाचे भाग पाडून प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसण्याचे वेळापत्रक आखले. ठेकेदाराला पैसे मिळतात ते प्रत्यक्ष उपसलेल्या टाक्यांच्या हिशेबाने, आणि गाळ जातो तो दिवसाला ७०,००० लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रावर. नाशिक जिल्ह्यात सिन्नरनेही हाच मार्ग धरला. वाईने यासाठी स्वच्छता कर बसवला, आणि मला तो योग्य वाटतो, कारण टाकी तुंबल्यावर एकदम मोठी रक्कम काढावी लागण्याऐवजी तोच खर्च दरवर्षी थोडा थोडा होतो आणि ज्याच्या हातात त्या दिवशी पैसे नाहीत त्याचीही टाकी उपसली जाते. एका घराने नकार दिला तर गाडीची फेरी फुकट जाते, त्या भागाचे काम अर्धवट राहते, आणि ज्याची टाकी सर्वांत वाईट अवस्थेत आहे तोच बहुधा नकार देणारा असतो.

नगरपरिषदांच्या बाजूने मी इतके लिहिले, तरी त्यांची एक मोठी उणीव मला झाकायची नाही. आपल्याकडे देखरेख टाकी उपसण्यापासून सुरू होते. ती बांधली जात असताना क्वचितच कोणी खड्ड्यात डोकावते. नकाशावर दोन कप्प्यांची टाकी आणि शोषखड्डा दाखवलेला असतो, जागेवर बिनतळाचा खड्डा असतो, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळून जाते. फ्रान्समध्ये १९९२ च्या जलकायद्याने हे काम कम्यून या सर्वांत खालच्या स्थानिक संस्थेवर सोपवले. तिथल्या सार्वजनिक सेवेचा माणूस टाकीचा आराखडा आधी तपासतो, माती लोटण्यापूर्वी बांधकाम पाहतो, पुढे दर दहा वर्षांच्या आत पुन्हा येतो आणि त्याचे शुल्क घरमालक भरतो. २०११ पासून तर घर विकताना तीन वर्षांच्या आतला तपासणी अहवाल जोडावा लागतो. तुमच्या सासऱ्यांनी घर बांधले तेव्हा माती लोटण्यापूर्वी एकच अधिकारी येऊन गेला असता, तर आज तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते.

दुसरी उणीव माझ्या स्वतःच्या नोकरीतली आहे. एका गावात आमची गाडी टाक्या उपसून गाळ गायरानाच्या पलीकडच्या ओढ्यात सोडत असे. ते सर्वांना ठाऊक होते. फेऱ्यांच्या नोंदवहीवर माझी सही होत असे, आणि गाळ कुठे गेला हे लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. एका पावसाळ्यात ओढ्याखालच्या वस्तीत कावीळ पसरली. ती त्या गाळामुळे आली की नाही, हे तपासायला कोणी गेले नाही. मीही गेलो नाही, आणि त्याची मला आजही खंत आहे. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगतो की, गाडी आली की हा गाळ कुठे रिकामा होणार, हे जरूर विचारा. प्रक्रिया केंद्र असेल तर ते कुठे आहे, हे नगरपरिषदेने सांगितले पाहिजे. पुष्कळ लहान गावांत वाळवण वाफ्यांची साधी केंद्रे आहेत, आणि ती नीट चालवली तर पुरेशी ठरतात. उत्तर टाळले जात असेल, तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून विचारा. कर भरणाऱ्या नागरिकाचा तो हक्क आहे.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी झाकण थोडे सरकवून टाकीला हवा लागू द्या, पण त्यावर जड फळी ठेवा आणि मुलांना व जनावरांना तिकडे फिरकू देऊ नका. जवळपास विडी, काडेपेटी किंवा चूल नको. डोकावून पाहण्याचाही मोह नको. इतक्या वर्षांचा तळाचा गाळ घट्ट झालेला असेल. तो यंत्राच्या पाण्याच्या दाबाने सैल करून ओढावा लागतो आणि एका फेरीत सगळा निघेलच असे नाही. राहिलेला काढायला कोणी आत उतरू लागला तर तिथेच थांबवा. थोडा गाळ तळाशी राहिला तर बिघडत नाही. काम झाल्यावर तारीख, उपसलेले लिटर आणि टाकीची मोजमापे लिहिलेली पावती घ्या, आणि तळाला कोबा नसल्याची नोंद त्यावर करून घ्या. नगरपरिषदेच्या दप्तरी ती असणे तुमच्याच हिताचे आहे. जे आले असतील त्यांना हात धुवायला साबण आणि पाणी द्या, आणि प्यायला पाणीही द्या.

त्यानंतरचे काम तुमचे आहे आणि त्याला खर्च येईल. तळ व भिंती गिलावा करून पाणीबंद केलेली, दोन कप्प्यांची टाकी बांधणे हाच खरा उपाय आहे. जुना खड्डा दुरुस्त करण्यासाठी कोणाला आत उतरवण्यापेक्षा नवी टाकी विहिरीच्या विरुद्ध बाजूला घ्या आणि जुना खड्डा उपसल्यानंतर मुरूम टाकून बुजवा. पाच माणसांसाठी मानकानुसार १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि सुमारे १ मीटर पाण्याची खोली पुरते. तुमची सध्याची टाकी त्याहून किती मोठी आहे ते पाहा. गवंडी मोठा खड्डा सुचवतो तो उपसावा लागू नये म्हणून. शोषखड्डाही विहिरीपासून ६० फुटांच्या पलीकडे आणि घरापासून २० फूट लांब घ्यावा लागेल. परसात तेवढी जागा नसेल, तर पाणी कुठे सोडायचे हे नगरपरिषदेच्या अभियंत्याला जागेवर बोलावून ठरवा, गवंड्यावर सोपवू नका. नव्या टाकीत संडासाचेच पाणी सोडा, आणि ॲसिड किंवा फिनेल ओतणे आवरते घ्या, कारण त्याने गाळ कुजवणारे जिवाणू मरतात. टाकी उपसावी लागत नाही असे सांगून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर पैसे घालवू नका.

नव्या टाकीसाठी परसातले तुळशीचे वृंदावन हलवावे लागले तर मनाला लावून घेऊ नका. चार हात पलीकडे ते पुन्हा बांधता येईल. नव्या टाकीच्या दोन्ही कप्प्यांवर लोखंडी कडीची झाकणे फरशीच्या पातळीवर ठेवा आणि त्यांवर पुन्हा फरशी घालू नका. आतल्या बाजूला उपसल्याची तारीख रंगवून ठेवा. तीन वर्षांनी पुढची चिठ्ठी येईल, तेव्हा झाकण उचलायला पाच मिनिटे लागतील.